नऊपैकी नऊ

तिसऱ्या भेटीत बिंदुमाधव पळसुल्यांनी नीरजाचा बोर्ड आमटीत पाडला.

चुकून नव्हे. डाव्या हाताची मागची बाजू त्यांनी बोर्डाच्या कडेला टेकवली आणि टेबलावरचा पोळीचा चुरा झटकावा तसा तो शांतपणे बाजूला सारला. बोर्ड वाटीवर गेला, वाटी कलंडली, आणि आमटीचा ओघळ बारा चौकोनांवरून संथपणे खाली उतरला. 'पाणी'वरून 'भाता'वर, 'भाता'वरून 'पुरे'वर. बिंदुमाधवांनी बायकोकडे पाहिलं आणि दोन बोटं जोडून तोंडाशी नेली. म्हणजे, घास दे.

"बघा," दाराशी उभा असलेला विश्वेश म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं, मॅडम?"

नीरजाने पिशवीतून फडकं काढून बोर्ड पुसला. घड्याळात बारा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

ज्यांची वाचा गेली आहे त्यांना बोलण्याऐवजी दुसरं काय देता येईल, हे तपासणं नीरजाचं काम. कुणाला चित्रं चालतात, कुणाला अक्षरं, कुणाला बोट टेकवलं की शब्द उच्चारणारा टॅब. वर्ध्याची मुलगी, बनारसच्या एका हॉस्पिटलात तीन वर्षांच्या करारावर आलेली. तिच्या विभागाला यंदा असे दोनच टॅब मिळाले होते. एक गेला होता. दुसऱ्यासाठी बिंदुमाधवांचं नाव यादीत पहिलं होतं, ते केवळ अर्ज लवकर भरला गेला म्हणून. नियम साधा होता: तीन भेटींत निदान एकदा तरी त्या माणसाने, कुणी हात न धरता, कुणी न सुचवता, अर्थपूर्ण निवड करून दाखवायची. नाही केली तर 'अपात्र'. मग पुन्हा बोलावणं दोन वर्षांनी. आजची भेट तिसरी होती, आणि पाच वाजेपर्यंत फॉर्म विभागात पोचायला हवा होता.

पण नीरजाला टॅबपेक्षा 'अपात्र' ह्या एका शब्दाची धास्ती होती. आठ महिन्यांपूर्वी बिंदुमाधवांना झटका आला, त्यात वाचा आणि उजवं अंग गेलं. गळ्यातून आता 'हं' एवढाच आवाज निघे. हॉस्पिटलात कुणीतरी गर्दीच्या ओपीडीत त्यांना दहा मिनिटं चित्रं दाखवली होती. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि कागदावर शेरा पडला, 'आकलन शंकास्पद'. त्या दोन शब्दांवर विश्वेशने सगळं घर लावून टाकलं होतं. एकतीस वर्षं इंटर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. मुन्शी घाटाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीतले अर्धे दुकानदार अजून त्यांना 'मास्साब' म्हणत. आणि विश्वेश त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून, त्यांच्या डोक्यावरून, सहज बोलावं तसं बोले, "बाबांना आता फक्त भूक कळते, मॅडम. बाकी काही राहिलं नाही. आम्ही मान्य केलंय. तुम्ही पण मान्य करा."

त्यावर 'अपात्र'चा शिक्का बसला की तो मान्य करण्यासारखा नव्हे, सिद्ध झालेला मुद्दा होणार होता.

विश्वेश वाईट मुलगा नव्हता. बँकेतून जेवणाच्या सुट्टीत येऊन तो वडिलांना खुर्चीत बसवायचा, रात्री कूस बदलायला उठायचा. फक्त तो आपल्या वडिलांशी बोलत नव्हता. एका वाक्याचं उत्तर आलं नाही, दहाचं आलं नाही, मग माणूस अकरावं वाक्य बोलत नाही. नीरजाने असे मुलगे पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यावर रागावून उपयोग नसतो, तरी तिला राग यायचा.

शरदिनीकाकूंचं मात्र वेगळंच होतं. त्यांना मुळात काही बिघडलं आहे असंच वाटत नव्हतं.

"अगं, मला ह्यांचं सगळं कळतं," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या. "आमच्या घरात पुरुष मौनाने जेवतात. मामंजी तसेच, हे तसेच. मुंज झाल्यापासून ह्यांनी ताटावर शब्द काढला नाही. चाळीस वर्षं मी खुणांवर वाढते आहे. हे बघ, करंगळी वर केली की मीठ. पंजा आडवा केला की बस. असं बोट फिरवलं की ताक. तू उगाच परेशान होतेस."

"आणि काकू, त्यांना सांगायचं असलं की डोकं दुखतंय? किंवा तुमच्यावर रागावलोय?"

"रागावले की मला दिसतं ना."

"आणि अमुक माणसाला बोलाव, असं म्हणायचं असलं तर?"

"त्याला खूण नाही," काकू म्हणाल्या होत्या. "जेवताना कशाला लागेल?"

नीरजाने तेव्हा वहीत टिपून घेतलं होतं: 'घरात खुणांची जुनी सवय. फार अनुकूल.' त्या ओळीखाली तिने रेघही मारली होती.

अनुकूल! पहिल्या दोन भेटींतच तिचा घाम निघाला होता. गोदौलियाला रिक्षा सोडायची, गल्लीत सांड आडवा बसला असेल तर त्याला वळसा घालायचा, दोन उभे जिने चढायचे, आणि बारा ते एक ह्या तिच्या स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत तपासणी उरकायची. बिंदुमाधवांना खाली उतरवून हॉस्पिटलात न्यायचं तर चार माणसं लागत, म्हणून ही घरची भेट तिने मुद्दाम मंजूर करून घेतली होती. ती पोचे तेव्हा ते ताटावर बसलेले असत. तेही तिला बरंच वाटे. ती ज्या पुस्तकांवर शिकली त्या सगळ्यांत लिहिलं होतं, माणसाला ज्याची ओढ असते तिथे तपासा, खाण्याची वेळ सगळ्यांत उत्तम. म्हणून दारातच काकूंना आणि विश्वेशला काय ते समजावून सांगायचं, आत येऊन बिंदुमाधवांना "नमस्कार काका" म्हणायचं आणि लगेच कार्डं काढायची.

कार्डंसुद्धा तिने जीव ओतून केली होती. विभागातला संच नुसत्या चित्रांचा होता. पेला, ताट, पंखा, खाट. हे घर मराठी बोलतं म्हणून एका रविवारी बसून तिने चित्रांखाली ठळक मराठी शब्द चिकटवले. चिकटपट्टीचा कागद निम्म्यातच संपला, उरलेली कार्डं तशीच राहिली. दोन भेटींत मिळून अठरा वेळा तिने दोन-दोन कार्डं समोर ठेवली. सात वेळा त्यांनी बरोबर बोट ठेवलं. दोनदा बोट दोन कार्डांच्या मध्ये पडलं. नऊ वेळा त्यांनी कार्डं ढकलून दिली, एकदा तर पालथी घातली. फॉर्मवर तिने लिहिलं: 'अठरापैकी सात. प्रतिसाद असंगत.' अठरापैकी सात हा आकडा तिला छळत होता. काहीच येत नसेल तर सात जास्त होते. काही येत असेल तर फार थोडे.

म्हणून आज तिने शेवटचा उपाय म्हणून मोठा बोर्ड आणला होता. बारा चौकोन, प्रत्येकात चित्र आणि शब्द. तो आता आमटीचा वास मारत होता.

"मॅडम, मला एकला कॅश मोजून द्यायची असते," विश्वेश म्हणाला. "सही कुठे करू सांगा."

"एक मिनिट."

"तुमचं एक मिनिट मागच्या वेळी वीस मिनिटांचं झालं."

"विश्वेश," काकू भाताचा घास कालवत म्हणाल्या, "ती पोरगी उन्हातून आली आहे. नीट बोल."

"मी नीटच बोलतोय, आई. बाबा काही करणार नाहीत. आज नाही, उद्या नाही. उगाच सगळ्यांचा टाइम खोटी."

नीरजाने बोर्ड पुन्हा टेबलावर ठेवला. बिंदुमाधवांच्या नजरेच्या रेषेत, डाव्या हाताला सोपा पडेल असा. आवाज शक्य तितका सपाट ठेवून ती म्हणाली, "काका, ताक हवं की पाणी? ह्यातल्या एकावर बोट ठेवा."

बिंदुमाधवांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आकलन शंकास्पद वगैरे काही नव्हतं. वर्गात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं. मग बोट हवेत फिरवून बायकोला ताकाची खूण केली, आणि बोर्ड पुन्हा सारला.

"काका, खूण नको. बोर्डवर. इथे." तिच्या आवाजाला आता धार आली होती आणि ती तिला स्वतःलाच ऐकू आली. "एकदाच. एकदाच बोट ठेवा."

"अगं, पण," शरदिनीकाकू ताकाची वाटी भरत, पोळी करपतेय म्हणावं इतक्या सहज म्हणाल्या, "जेवताना कसे बोलतील ते?"

"बोलायचं कुठे आहे, काकू? नुसतं बोट ठेवायचं."

"शब्दावर ना?"

"हो."

"मग ते बोलणंच झालं की."

नीरजाने बोर्डावरचा हात मागे घेतला.

"खुणा चालतात," काकू समजावू लागल्या. "शब्द नाही. मामंजींना एकदा ताटावर असताना तार आली. त्यांनी उत्तर म्हणून पाटीवर दोन अक्षरं लिहिली, आणि तसेच भरल्या ताटावरून उठले. मौन मोडलं म्हणजे अन्न सोडायचं, मग रात्रीपर्यंत पाणीसुद्धा नाही. लिहिलेलं काय, बोललेलं काय, शब्द तो शब्द. ह्यांचं तर त्याहून कडक."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. पहिल्याच दिवशी सांगितलं, मौनाने जेवतात म्हणून. तू लिहूनसुद्धा घेतलंस."

नीरजाने पिशवीतून मागच्या दोन भेटींचे कागद काढले. तिला राग आला होता. कुणावर, ते तिला अजून ठरवता येत नव्हतं. अठरा ओळी होत्या. कुठल्या वेळी कुठली कार्डं ठेवली, ते तिने प्रत्येक ओळीत नोंदवलं होतं, कारण नोंद अर्धवट ठेवायची तिला सवय नव्हती. तिने पेन्सिल घेतली आणि चिकटवलेल्या शब्दांची कार्डं होती त्या ओळींपुढे फुली मारत गेली. नऊ फुल्या झाल्या. मग ढकललेल्या ओळींना गोल केले.

प्रत्येक गोल फुलीवर पडला. नऊपैकी नऊ. नुसत्या चित्रांच्या नऊ ओळींत एकही गोल नव्हता.

म्हणजे हा माणूस दोन भेटी अतिशय सुसंगत उत्तर देत होता आणि ती लिहीत होती 'असंगत'. चित्र म्हणजे खूण, चालेल. अक्षर म्हणजे बोलणं, ताटावर चालणार नाही. तिच्या रविवारच्या मेहनतीने त्याचं निम्मं तोंड बंद करून टाकलं होतं. आणि आज तिने त्याच्या पुढ्यात बाराच्या बारा शब्द मांडले होते, आणि वर आवाज चढवून सांगितलं होतं, एकदाच बोल आणि उपाशी ऊठ.

ह्याने त्यांना वाचता येतं हे सिद्ध होत नव्हतं, हेही तिने त्याच क्षणी स्वतःला बजावलं. पण शब्द म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या घरात तेव्हा बाकी कुणापेक्षाही जास्त.

"जेवण कधी संपतं?" तिने विचारलं.

"आता गिळायला वेळ लागतो गं. ठसका लागतो. एक वाजतो, सव्वा होतो."

"मी थांबते."

"मॅडम!" विश्वेशने कपाळाला हात लावला. "तुमचीच वेळ बारा ते एक आहे. फॉर्मवर छापलंय. बाबा, ताक घ्या आणि आटपा ना लवकर!"

बिंदुमाधवांनी डोळे मिटले आणि अत्यंत सावकाश घास चावू लागले.

ती चाळीस मिनिटं नीरजाला फार लांब वाटली. ताक संपलं, मग मऊ भाताचे चार घास, त्यातल्या दोन घासांना ठसका, मग पुन्हा ताक. विश्वेशने बँकेत फोन लावून कुणाला तरी सांगितलं, "भैया, दस मिनट सँभाल लो," आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच सांगितलं. वीज गेली, पंखा थांबला. नीरजा बसल्या जागी आमटीतला बोर्ड वाचत होती आणि तिच्या लक्षात आलं की हा बोर्ड नंतरही कामाचा नाही. भात, पाणी, ताक, मीठ, आणखी, पुरे. जेवण आटोपलेल्या माणसाला ह्यातलं काय बोलायचं असणार? तिने खाण्याच्या वेळेसाठी शब्द निवडले होते, आणि खाण्याच्या वेळी शब्द बंद होते. मूर्खपणाचं इतकं काटेकोर उदाहरण तिने कुठल्या पुस्तकातही वाचलं नव्हतं.

"काकू, मोठा कागद आहे का? पाठकोरा?"

काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून दिलं. नीरजाने त्याच्या मागे जाड पेनाने अक्षरं लिहिली. सगळ्यांत वर एका लांब ओळीत ऋ सोडून स्वर. खाली क ख ग घ ङ, त्याखाली च छ ज झ ञ, असे पाच वर्ग पाच ओळींत. सहावीत य र ल व श, सातवीत ष स ह ळ क्ष.

एक वाजून अकरा मिनिटांनी काकूंनी बिंदुमाधवांच्या डाव्या तळहातावर पळीभर पाणी घातलं. त्यांनी ते तोंडाला लावलं, मग चूळ भरली, हात पुसला. आणि खुर्चीत मागे टेकून त्यांनी पहिल्यांदाच नीरजाकडे आपणहून पाहिलं.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता विचार काय ते."

टेबल अजून ओलं होतं. नीरजाने कागद दोन्ही हातांनी समोर धरला. "काका, मी एकेका ओळीवर बोट फिरवते. तुम्हाला हवी ती ओळ आली की..."

बिंदुमाधवांनी मूठ वळून वर धरली.

"लाडू!" काकू म्हणाल्या. "मूठ म्हणजे लाडू. अहो, आत्ता तर जेवलात."

"आई, लाडू नाही. वैतागलेत ते," विश्वेश म्हणाला. "माझ्यावर पण अशीच मूठ दाखवतात."

नीरजाने पेन उचललं. 'मूठ: नकार' असं लिहायला ती निघालीच होती. पण त्या दिवशी ती स्वतःच्या शेऱ्यांना पुरती विटलेली होती, म्हणून हात थांबला. मूठ उघडली. दोन बोटं वर आली. बिंदुमाधव थांबले, तिच्याकडे बघत. काही होत नाही असं पाहून त्यांनी पुन्हा मूठ दाखवली, पुन्हा दोन बोटं. मग पंजा, पाचही बोटं, मग एक. मग तीन, मग पाच.

"शून्य," नीरजा पुटपुटली. "शून्य, दोन. पाच, एक. तीन, पाच."

तिने कागद स्वतःकडे वळवला. क-वर्ग पहिली ओळ धरली तर प-वर्ग पाचवी. त्यातलं पहिलं, प. तिसरी ट-वर्गाची, त्यातलं पाचवं, ण. आणि क-वर्गाच्या वरची, जिला क्रमांक नाही ती स्वरांची ओळ, ती शून्य. त्यातलं दुसरं, आ. ती बोट फिरवून अर्धा तास खर्च करणार होती. त्यांनी कागदाकडे एकदा बघून त्याची कोष्टकं केली होती, आणि तिला ती समजेपर्यंत दोनदा करून दाखवली होती.

"आ, प, ण," ती मोठ्याने म्हणाली.

"हं," बिंदुमाधव म्हणाले.

विश्वेश एकदम पुढे आला. "आपण? आपण काय, बाबा? आपण कुठे जायचं? डॉक्टरकडे? की खोलीत न्यायचं?"

बिंदुमाधवांनी डोळे मिटून घेतले. ओपीडीत मिटले होते तसेच. नीरजाला आता ते डोळे मिटणं वाचता येत होतं.

"त्यांचं संपलं नाही अजून," ती म्हणाली. "विश्वेशजी, कृपा करून गप्प बसा."

विश्वेश गप्प बसला. बिंदुमाधवांनी डोळे उघडायला तब्बल एक मिनिट घेतलं. मग एक, एक. क. मग मूठ, पंजा आणि लगेच चार: स्वरांतला नववा, ओ. मग तीन, पाच.

"आपण कोण," नीरजाने वाचलं.

"अहो, सांगितलं नव्हतं का मी?" काकू म्हणाल्या. "हॉस्पिटलातली मुलगी ती. तपासायला येते."

बिंदुमाधवांनी पंजा आडवा करून बायकोला थांबवलं, आणि बोट नीरजाकडे केलं. तिने सांगायचं होतं.

तीन भेटी झाल्या होत्या. दारातच ती दोघांना सगळं समजावून सांगत आली होती. नियम, टॅब, तारीख, स्वतःचं नाव, विभागाचं नाव. ज्याच्यासाठी आली होती त्याला फक्त 'नमस्कार काका' आणि एक कार्ड. तिने कागद खाली ठेवला. खुर्ची ओढून ती त्यांच्यासमोर बसली.

"माझं नाव नीरजा खानझोडे. मी वर्ध्याची. माझे वडील तिथे शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. मी हॉस्पिटलात काम करते, बोलण्याच्या विभागात. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, चुकले."

त्यांनी मान हलवली, ती चूक झाली एवढं मान्य केल्यासारखी. मग बोटं पुन्हा वर झाली, आता जलद: एक, एक. पंजा नि एक, सहावी ओळ, पंजा, पाचवं. मूठ, दोन. सहावी ओळ, तीन. मूठ, दोन.

ह्या वेळी कागदावर विश्वेशच वाकला होता. ओळींवरून बोट नेत तो अक्षरं जोडत होता. "कशाला," तो म्हणाला. "विचारतायत, कशाला आलात."

मग नीरजाने सगळं सांगितलं, पहिल्यापासून. टॅब म्हणजे काय. बोट ठेवलं की त्यातून कसा आवाज येतो, पुरुषाचा, पण मराठी जरा वृत्तनिवेदकासारखं. त्यात पुढे नावं घालता येतील, वाक्यं घालता येतील. घरी बिघडला तर दुरुस्तीला महिना जातो, हेही तिने लपवलं नाही. ओपीडीतल्या कागदावर काय लिहिलंय ते सांगितलं, शब्द न बदलता. ते ऐकताना बिंदुमाधवांनी मुलाकडे पाहिलं. विश्वेशने खाली बघितलं.

"आजचा शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. "पाच वाजेपर्यंत फॉर्म द्यायचा. काका, तुम्हाला टॅब हवा आहे का?"

बिंदुमाधव विचारात पडले. खाली गल्लीत कुणाची तरी स्कूटर अडकून हॉर्न वाजत होता. बँकेतून विश्वेशचा फोन आला, त्याने तो न बघता बंद केला. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. नीरजाच्या ओपीडीत दीडपासून माणसं बसलेली असणार.

मूठ, पाच. चार, तीन. सहावी ओळ, एक. मूठ, दोन.

"उ, द, य, आ," विश्वेश म्हणाला. "उद्या. बाबा, उद्या काय? उद्या नाही चालणार. आजच सांगायचंय! फक्त हो म्हणा!"

बिंदुमाधवांनी पंजा आडवा केला. पुरे. मग त्यांनी मान मागे टेकली. त्यांची झोपेची वेळ झाली होती.

"विचार करून सांगतील," काकू म्हणाल्या. "ह्यांनी उभ्या जन्मात लगेच हो म्हटलेलं नाही. लग्नालासुद्धा आठ दिवस लावले होते."

नीरजाने जिन्यातच फॉर्म गुडघ्यावर ठेवून भरला. मागच्या दोन भेटींच्या आकड्यांवर एक आडवी रेघ मारून तिने लिहिलं, 'परीक्षकाच्या चुकीमुळे ग्राह्य धरू नयेत', आणि चूक काय ती तीन ओळींत मांडली. ह्याचा परिणाम तिच्या कराराच्या नूतनीकरणावर होऊ शकतो, हे तिला माहीत होतं. वेळ तिने खरीच लिहिली, एक अकरा ते एक शेचाळीस. 'स्वतंत्र निवड केली का?' ह्यापुढे 'होय'. 'कोणती?' ह्यापुढे 'उद्या'.

खाली उतरून तिने विभागात फोन लावला. कार्यालयातल्या गीताजींनी फॉर्म वाचून दाखवायला सांगितला आणि मध्येच अडवलं.

"एक मिनट. मरीज को डिवाइस चाहिए, हाँ या ना?"

"अभी बताया नहीं है। कल बताएँगे।"

"कल तो लिस्ट बंद।"

"तो लिस्ट कल तक खुली रखिए।"

"मैडम, इसमें तो दो ही खाने हैं। हाँ, ना। मैं क्या भरूँ?"

"जो उन्होंने कहा है, वही भरिए."

"अरे, पर वो तो बोल ही नहीं सकते न?"

नीरजा गल्लीत भिंतीला पाठ लावून उभी राहिली, कुणाची तरी दुधाची किटली जाऊ दिली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.